युद्ध ११ नोव्हेंबरला संपलं असं छापू नका

इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सगळ्या मंडळींना,

नमस्कार.

मी इतिहास शिकवतो. पहिलं महायुद्ध हा धडा आजवर किती वेळा शिकवला याचा हिशोब नाही, पण दरवेळी तो साधारण सारखाच जातो. साराजेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून, दोन गट, खंदक, अमेरिका युद्धात उतरली, ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं, व्हर्सायचा तह, परिणाम थोडक्यात लिहा. मागच्या वर्षी हे सगळं फळ्यावर लिहून झालं आणि एका मुलीने हात वर केला. म्हणाली, सर, सही पहाटे पाचला झाली आणि युद्ध अकराला थांबलं, मग मधले सहा तास काय चाललं होतं? कुठलातरी व्हिडिओ बघून आली होती ती. मी म्हटलं बघून सांगतो. आणि बघायला लागलो ते वर्षभर बघतच राहिलो, रात्री जेवण झालं की तेच वाचायचो, आणि आता तुम्हाला लिहितोय कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुस्तकात नाहीच, उलट ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं हे जे वाक्य आहे ते चुकीचं आहे असं माझं आता ठाम मत झालंय.

आधी त्या सहा तासांचं सांगतो.

फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या एका डब्यात पहाटे पाच वाजून गेल्यावर युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. तोफा थांबवायची वेळ ठरली सकाळी ११, म्हणजे सगळ्या आघाडीवर निरोप पोचायला वेळ मिळेल. निरोप बऱ्याच ठिकाणी वेळेत पोचलाही. तरीसुद्धा काही अधिकाऱ्यांनी ठरलेले हल्ले रद्द केले नाहीत, आता काही तासांत हे सगळं थांबणार आहे हे माहीत असून माणसं पुढे पाठवली. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २,७०० सैनिक मेले, जखमी आणि बेपत्ता धरले तर आकडा दहा हजारांच्या वर जातो. हेन्री गंथर नावाचा अमेरिकन सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी मेला. हा मूळ जर्मन घराण्यातला. त्याने मित्राला पत्रात आघाडीवरची खरी परिस्थिती लिहिली होती, ते पत्र सेन्सॉरच्या हातात पडलं आणि त्याला सार्जंटचा साधा शिपाई केला होता. शेवटच्या मिनिटाला तो संगीन लावून जर्मन मशीनगनवर धावून गेला, समोरचे जर्मन हात हलवून परत जा परत जा असं सांगत होते, त्यांनाही माहीत होतं की आता मिनिटच उरलंय, पण तो थांबला नाही आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. मेल्यानंतर त्याला सार्जंट पद परत मिळालं.

आता मला सांगा, ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं हे वाक्य या माणसाच्या बाबतीत बरोबर आहे का.

आणि बाकीच्या जगात तरी ते त्या दिवशी थांबलं का? पूर्व आफ्रिकेत जर्मन सेनापती लेटो फोरबेक लढतच होता, त्याला बातमी कळायलाच दोन-तीन दिवस लागले आणि त्याने शस्त्रं खाली ठेवली २५ नोव्हेंबरला. जर्मनीची समुद्रातून केलेली नाकेबंदी १९१९ च्या जुलैपर्यंत चालू राहिली, म्हणजे गोळीबार थांबल्यावर आठ महिने तिथल्या लेकराबाळांच्या तोंडचं अन्न अडवलेलंच होतं. रशियात यादवी पेटलेली होती. तुर्कस्तानात तर ग्रीक सैन्याशी नवीनच युद्ध सुरू झालं आणि शेवटचा तह स्वित्झर्लंडमधल्या लोझानला व्हायला २४ जुलै १९२३ उजाडला. आपल्या पुस्तकात मात्र मोठ्या अक्षरात कालखंड १९१४ ते १९१८.

तुम्ही म्हणाल की तारीख ही एक सोय असते, कुठेतरी रेघ मारावी लागतेच. मान्य आहे. पण ही रेघ कोणाच्या बाजूने मारलीये ते बघा ना. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यासाठी युद्ध त्या दिवशी संपलं, जे खंदकात होते त्यांच्यासाठी नाही.

सैनिकांचंच घ्या. १९१५ च्या सुरुवातीला चार्ल्स मायर्स या डॉक्टरने शेल शॉक हा शब्द मेडिकल जर्नलमध्ये वापरला. अंगावर ओरखडा नाही पण हात थरथरतायत, वाचा गेलीये, डोळ्यांना दिसत नाहीये अशी पोरं हॉस्पिटलात यायला लागली होती. एकट्या ब्रिटिश सैन्यात युद्ध थांबेपर्यंत अशा सुमारे ८०,००० केसेस झाल्या. आणि त्याच सैन्यात पळून जाणं, भित्रेपणा, पहाऱ्यावर झोप लागणं अशा गुन्ह्यांसाठी ३०६ जणांना आपल्याच लोकांनी पहाटे खांबाला बांधून गोळ्या घातल्या. त्यातल्या कितीजणांना खरं तर उपचारांची गरज होती हे आता कोण सांगणार. त्यांना माफी मिळाली २००६ साली. मधली नव्वद वर्षं त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील, युद्धस्मारकावर नाव नाही, शेजारीपाजारी काय बोलत असतील, बायकोला पेन्शनचा प्रश्न, पोरांना शाळेत तोंड लपवायची वेळ. हे कुठल्या परिणाम या मुद्द्याखाली येतं? मी सगळे मुद्दे वाचले, आर्थिक परिणाम, राजकीय परिणाम, सामाजिक परिणाम. कुठेच येत नाही.

चेहरे गेलेल्यांचं वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस. खंदकातून डोकं वर काढलं की पहिली गोळी, पहिली किरची तोंडावर, त्यामुळे जबडा नाही, नाक नाही असे हजारो जण जिवंत परत आले. इंग्लंडमध्ये सिडकप गावी हॅरोल्ड गिलीज या सर्जननी अशा ५,००० पेक्षा जास्त सैनिकांवर ११,००० च्या वर ऑपरेशन्स केली, आज ज्याला प्लास्टिक सर्जरी म्हणतात तिचा मोठा पाया तिथे घातला गेला. आणि हॉस्पिटलपासून गावात जायच्या रस्त्यावर काही बाकं निळ्या रंगाने रंगवली होती. कशासाठी, तर त्या बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून दचकायला होईल हे गावकऱ्यांना आधीच कळावं म्हणून. ज्यांच्यासाठी आपण लढलो त्यांनी आपल्याला बघून घाबरू नये म्हणून रंगवलेलं बाक. फक्त या एका बाकाचा फोटो जरी पुस्तकात छापलात ना, तरी पोरांना जे कळेल ते माझ्या चार तासिकांत कळत नाही.

आणि हॅरी पॅच. खंदकात प्रत्यक्ष लढलेल्या इंग्रज सैनिकांपैकी सगळ्यात शेवटपर्यंत जगलेला, २००९ साली १११ व्या वर्षी वारला. हा माणूस वयाची शंभरी होईपर्यंत युद्धाबद्दल बोललाच नव्हता, ऐंशी वर्षं गप्प! २२ सप्टेंबर १९१७ ला डोक्यावर गोळा फुटून त्याचे तीन जवळचे दोस्त गेले होते आणि तो जखमी झाला होता. सगळा देश ११ नोव्हेंबरला फुलं वाहायचा पण त्याचा आठवणीचा दिवस २२ सप्टेंबर हाच होता, तो म्हणायचा की माझा दिवस तो. मला वाटतं प्रत्येक सैनिकाची अशी एक वेगळी तारीख असते आणि पुस्तकातली तारीख त्यातली कुठलीच नसते.

आता आपल्या लोकांकडे येतो, कारण या धड्यात भारतीय सैनिक एका वाक्यात येतात आणि जातात. सुमारे १३ लाख माणसं या युद्धासाठी गेली, ७४,००० पेक्षा जास्त परत आली नाहीत. शिवाय १९१७ मध्ये भारताच्या तिजोरीतून ब्रिटनला दहा कोटी पौंड भेट म्हणून दिले गेले. मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये सहावी पूना डिव्हिजन कुट या गावात अडकली, त्यात मराठा पलटणीही होत्या. जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा, तो फोडायच्या प्रयत्नात बाहेर सुमारे २३,००० जण मेले नाहीतर जखमी झाले, आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने खंगलेले जवळपास १३,००० जण शरण आले. पुढचं नीट ऐका. डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंड, त्याला तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर घरात ठेवलं, पाहुण्यासारखं. आणि शिपायांना वाळवंटातून पायी हाकत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं, त्यातले हजारो वाटेत आणि कामावर मेले. एकाच दिवशी, एकाच गावात, एकाच सैन्यातले कैदी हे. यातलं कुट हे नाव आपल्या किती मुलांना माहीत आहे? आपल्या पुस्तकात व्हर्डनची लढाई आहे, सोमची आहे, ते असायलाच हवं, पण कुटला अर्धी ओळ सुद्धा नाही.

आणि आपल्यासाठी ते युद्ध १९१८ ला संपलं नाहीच, याचा पुरावा तर तुमच्याच पुस्तकात आहे, फक्त दोन धडे पुढे. युद्ध चालू असताना १९१५ मध्ये इंग्रज सरकारने भारत संरक्षण कायदा आणला, खटल्याशिवाय डांबून ठेवायचे अधिकार घेतले, कारण काय तर युद्ध आहे. युद्धासाठी केलेला कायदा युद्धासोबतच जायला हवा होता. पण युद्ध थांबलं आणि सरकारला ते अधिकार सोडवेनात, म्हणून मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा. म्हणजे युद्धातला कायदा शांततेत चालू ठेवायचा. त्याविरुद्ध देश उठला आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग झालं, ५० शिपाई, १,६५० गोळ्या, सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ मृत्यू, खरे त्याहून कितीतरी जास्त असं लोक तेव्हापासून म्हणत आलेत. पंजाब म्हणजे तोच प्रांत जिथून सगळ्यात जास्त जवान या युद्धाला गेले होते. हे दोन धडे पुस्तकात वेगळे ठेवलेत आणि मुलं वेगळेच पाठ करतात, एक जगाचा इतिहास म्हणून, दुसरा स्वातंत्र्यलढा म्हणून. मीसुद्धा इतकी वर्षं वेगळेच शिकवले, हे मला कबूल करायला हवं.

हे वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीतून उठलोच. युजीन डेब्स हा अमेरिकेतला समाजवादी नेता. १९१८ च्या जूनमध्ये त्याने युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून तिथल्या हेरगिरी कायद्याखाली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. भाषण केलं म्हणून हेरगिरीचा कायदा! अपील वगैरे होऊन तो तुरुंगात गेला कधी माहितेय? १३ एप्रिल १९१९. तोच दिवस. शस्त्रसंधी होऊन पाच महिने झाले होते. १९२० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्याने तुरुंगातून लढवली आणि त्याला नऊ लाखांवर मतं पडली. तो पुढे सुटला पण १९१७ चा तो कायदा अमेरिकेत आजही आहे. युद्ध सरकारच्या हातात जे देतं ते सरकार सहजी परत करत नाही, मग ते सरकार साम्राज्याचं असो की निवडून आलेलं, आणि हे मुलांना मतदार व्हायच्या आधी कळायला नको का?

राजकारणाचं अजून एक सांगतो कारण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या रेल्वेच्या डब्यात जर्मनीच्या बाजूने सही करायला सेनापती गेलेच नाहीत. सप्टेंबर संपता संपता लुडेनडॉर्फ आणि हिंडेनबुर्ग या जर्मन सेनापतींनीच सरकारला सांगितलं होतं की ताबडतोब युद्धबंदी मागा, सैन्य आता टिकत नाही. पण मागायला पुढे केलं नागरी नेत्यांना. माथियास एर्झबर्गर हा लोकप्रतिनिधी शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून गेला, त्याचा स्वतःचा मुलगा सैन्यात भरती झालेला असताना काही आठवड्यांपूर्वीच फ्लूने गेला होता. त्याने सही केली. वर्षभराने हिंडेनबुर्ग चौकशी समितीसमोर उभा राहून म्हणाला की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. म्हणजे हरलो आम्ही नाही, आम्हाला घरच्यांनी हरवलं. हे खोटं होतं आणि ते जर्मनीत घराघरात गेलं कारण आपला पोरगा उगाच मेला यापेक्षा आपल्या पोराला कोणीतरी दगा दिला हे मानणं आईबापांना सोपं जातं. २६ ऑगस्ट १९२१ ला एर्झबर्गर फिरायला गेलेला असताना दोन माजी अधिकाऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. हिंडेनबुर्ग पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्यानेच १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सेलर नेमलं. आणि जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हिटलरने तोच रेल्वेचा डबा म्युझियममधून बाहेर काढायला लावला, त्याच जागी उभा केला आणि फ्रेंचांना त्याच्यात बसवून सही घेतली.

तुमच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाचं कारण म्हणून व्हर्सायचा अपमानास्पद तह एवढंच येतं. तह कडक होता हे खरंच आहे. पण एर्झबर्गरचं नाव नसेल तर मुलं हेच शिकतात की शांततेच्या अटींमुळे युद्ध झालं, आणि पराभव मान्य न करणाऱ्यांनी रचलेल्या एका खोट्यामुळे झालं हे त्यांना कळतच नाही. मला विचाराल तर हे नाव धड्यात आलंच पाहिजे.

जिंकलेल्यांनी आपल्या सैनिकांचं काय केलं तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून माजी सैनिकांना बोनस कबूल केला, तो मिळणार होता १९४५ साली. मंदीत नोकऱ्या गेल्यावर १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक बायकापोरांना घेऊन वॉशिंग्टनला आले, झोपड्या टाकून बसले, म्हणाले आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलैला सरकारने त्यांच्यावर घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घातला, झोपड्या जळाल्या. कारवाईचा प्रमुख होता जनरल मॅकआर्थर. १४ वर्षांपूर्वी याच माणसांना हिरो म्हणून बोटीवरून उतरवलं होतं.

देशांचं तर किती सांगावं, चार साम्राज्यं गेली, नकाशे नव्याने काढले गेले. मी फक्त एकच सांगतो. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने करार करून माणसांची अदलाबदल केली, सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसला आणि साधारण चार लाख मुसलमान तुर्कस्तानला, आणि ठरवलं धर्मावरून, भाषेवरून नाही. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात, ज्या देशात आपली भाषा कोणाला कळत नाही त्याला आता आपला देश म्हणायचं. आणि १९१८ च्या फ्लूच्या साथीचं म्हणाल तर, जगभरात या युद्धात मेलेले सगळे सैनिक मिळून साधारण ९० लाख ते एक कोटी, आणि सैनिकांच्या बोटींबरोबर पसरत आलेल्या त्या साथीत एकट्या भारतात एक कोटीपेक्षा जास्त माणसं गेली. ती कोणत्याच देशाच्या युद्धस्मारकावर नाहीत.

पैशांचा हिशोब बघितला तर जर्मनीने नुकसानभरपाईपायी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला भरला. ब्रिटनने आपल्या लोकांकडून घेतलेल्या युद्धकर्जाचे राहिलेले बॉन्ड फेडले मार्च २०१५ मध्ये. माझ्या वर्गातल्या मुलांच्या जन्मानंतरही फिटत होतं ते. आणि बेल्जियममध्ये, फ्रान्समध्ये शेतकरी नांगरट करताना आजही न फुटलेले गोळे वर येतात, त्याला तिकडे लोखंडी पीक म्हणतात, गोळा बांधावर काढून ठेवतात आणि सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. मार्च २०१४ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावात बांधकामाच्या जागेवर असाच एक जुना गोळा फुटला आणि दोन कामगार मेले. शंभर वर्षांपूर्वी झाडलेल्या गोळ्याने.

मला कल्पना आहे की पानं मर्यादित असतात, धड्याला एवढ्याच तासिका आणि पेपरात एवढेच मार्क. मी दहा पानं वाढवा असं म्हणतच नाहीये. माझं मागणं लहान आहे. ते एक वाक्य काढा आणि त्या जागी हे घाला, ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता पश्चिम आघाडीवर गोळीबार थांबवायचं ठरलं. एवढं वाक्य खरं आहे आणि त्याला पुस्तकात तेवढीच जागा लागते. त्याच्या खाली चौकटीत हेन्री गंथर, कुटचे कैदी आणि निळं बाक, तिन्हीला दोन दोन ओळी. आणि रौलट कायद्याच्या धड्यात एक ओळ की हा कायदा कुठल्या युद्धातून आला, बस.

त्या मुलीला मी शेवटी मधल्या सहा तासांचं सगळं सांगितलं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, जिन्यात उभं राहून. ती ऐकत होती, गंथरचं सांगितलं तेव्हा तिने फक्त वय विचारलं, मी म्हटलं तेवीस. मग थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, सर मग युद्ध कधी संपलं असा प्रश्न आला तर पेपरात काय लिहू?

मी म्हटलं, ११ नोव्हेंबर १९१८ लिही, नाहीतर मार्क जाईल.

आपला,
इतिहासाचा एक शिक्षक